उपदेशाचे ठिगळ

आमच्या येथील मंडळाच्या चित्रपट-शाखेने गेल्या महिन्यात हॉवर्ड हॉक्स याचा १९३२ सालचा ‘स्कारफेस’ हा अमेरिकन बोलपट दाखविला. पाऊस असूनही मंडळी बरी जमली होती. चित्र संपल्यावर चहाबरोबर चर्चा झाली आणि तिच्या ओघात आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी असे मत मांडले की, या साऱ्या चित्रात पाहण्याजोगा प्रसंग काय तो एकच : वृत्तपत्राचा मालक आपल्याकडे आलेल्या शिष्टमंडळाला खडे बोल सुनावतो, तो. बाकीचे चित्र तरुणांच्या डोळ्यांसमोर धरण्याजोगे नाही. यापुढे मंडळाने गुन्हेगारीची चित्रे दाखवायचीच तर ज्यांत असा स्पष्ट बोध असेल तीच दाखवावीत, असा ठरावही त्यांनी सुचविला आणि तो आता कार्यकारिणीपुढे आहे. हे गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या सचोटीविषयी या शहरात दुमत नाही. वडीलधाऱ्या माणसाला भर सभेत तोडून बोलणे आपल्या वळणात बसत नाही, म्हणून मी त्या वेळी गप्प राहिलो. पण ते गप्प राहणे मला तेव्हापासून सलत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या स्नेह्यांना आवडलेला तो एकमेव प्रसंग मुळात त्या चित्रातला नव्हेच. चित्र तयार झाल्यावर सेन्सॉरच्या समाधानासाठी तो मागाहून चित्रित करून मध्ये बसविण्यात आला. हॉक्सने त्याला हातही लावला नाही. हे कोणी न सांगताही कळावे. इतर दृश्यांतली माणसे चालतात, शीळ घालतात, खोटे बोलतात, एकमेकांची नजर चुकवितात. या दृश्यात ती एका खोलीत जमून परिपत्रके वाचून दाखवावीत तशी बोलतात. भरजरी शालूला मांजरपाटाचे ठिगळ लावावे, आणि पाहुण्याने शालू बाजूला सारून ठिगळाचे कौतुक करावे, तसे हे झाले.

हे ठिगळ कसे लागले, तो इतिहास सांगितला पाहिजे. निर्माता हॉवर्ड ह्यूज हा तेलविहिरी खोदण्याच्या अवजारांच्या कारखान्याचा वारस. वय जेमतेम पंचविशीचे, विमानांचे वेड, आणि पदरी असलेला पैसा चित्रपटांत ओतण्याची हौस. मोठ्या स्टुडिओंच्या करारात अडकलेले नट त्याला मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे हॉक्सने नायक आणला तो यिद्दिश रंगभूमीवर वाढलेला पॉल म्यूनी. नायकाचा मित्र म्हणून जॉर्ज राफ्ट हा नर्तक, ज्याची टोळीवाल्यांशी प्रत्यक्ष ओळखदेख होती. पटकथेसाठी बेन हेक्ट. हेक्ट पूर्वाश्रमीचा शिकागोचा वार्ताहर. ‘अंडरवर्ल्ड’ या टोळीपटाच्या कथेसाठी ऑस्करच्या पहिल्याच समारंभात त्याला पारितोषिक मिळाले होते. त्याने ह्यूजला अट घातली : रोज संध्याकाळी एक हजार डॉलर रोख. आणि मग अकरा दिवसांत पटकथा हातावेगळी केली! रोजंदारीवरच्या माणसाने इतक्या झपाट्याने काम उरकावे, हे आपल्यापैकी कोणत्याही खात्यातील मंडळींना पटणे कठीण आहे.

आर्मिटेज ट्रेल याच्या कादंबरीचे नाव चित्राला मिळाले; आशय मात्र बव्हंशी शिकागोच्या रस्त्यांवरून आला. १९२० मध्ये बिग जिम कोलोसिमोचा खून झाला, तो चित्राच्या आरंभी बिग लुईच्या रूपाने दिसतो. १९२४ मध्ये डीन ओबॅनियनला त्याच्याच फुलांच्या दुकानात गोळ्या घातल्या गेल्या. चित्रातही फुलांचे दुकान आहे. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभे करून ठार मारण्यात आले, तेही आहे. नायक टोनी कामोंते हा अल् कपोनच आहे, हे झाकण्याचा फारसा प्रयत्न नाही. कपोनची माणसे रात्री आपल्या खोलीवर येऊन ‘हे आमच्या साहेबांवर आहे काय?’ म्हणून विचारून गेल्याचे हेक्टने आत्मचरित्रात लिहिले आहे. हेक्ट गोष्ट रंगवून सांगणारा होता, तेव्हा त्यातले निम्मे सोडून द्यावे. उरलेले निम्मेही मौजेचे आहे.

आणि या कच्च्या मालातून हॉक्सने काय केले ते पाहा. पहिलाच देखावा दीर्घ, अखंड : मेजवानी उलगडली आहे, झाडूवाला रंगीत कागदांच्या झिरमिळ्या गोळा करतो आहे, आणि भिंतीवर एक सावली ऑपेरातील एक चाल शिळेवर घोळवीत पुढे सरकते. खून होतो तेव्हा मारेकऱ्याचा चेहरा आपण पाहिलेला नसतो. जेथे जेथे मरण येते तेथे तेथे पडद्यावर कोठेतरी फुलीचे चिन्ह उमटते. कधी छताच्या आडव्या-तिडव्या वाशांत, कधी दाराच्या आकड्यात. बोरिस कार्लोफ ज्या टोळीप्रमुखाची भूमिका करतो तो सोंगट्या पाडण्याचा खेळ खेळत असतो. तो चेंडू फेकतो, गुणफलकावर फुली पडते, गोळ्यांचा आवाज येतो, आणि आपण पाहतो ती शेवटची डुगडुगणारी सोंगटी. ती गरगर फिरून पडते. माणूस पडताना दाखविलेलाच नाही. माझ्या स्नेह्यांनी या चित्राला ‘रक्ताचा बाजार’ म्हटले. ते सोंगटीकडे पाहत नसावेत.

आता कात्रीकडे वळू. हॉलिवुडच्या धंद्याने बाहेरच्या सेन्सॉरला टाळण्यासाठी आपल्याच पदरी एक कचेरी बाळगली होती व तिच्यावर विल् हेज यांना नेमले होते. हे हेज पूर्वी अमेरिकेचे पोस्टमास्टर-जनरल होते. म्हणजे टपालखात्यातील आपल्या वाचकांचे दूरचे बंधूच. १९३० मध्ये या कचेरीने नीतिनियमांची संहिता स्वीकारली. तरीही १९३१ मध्ये ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे टोळीपट ओळीने आले, धो धो चालले आणि गावोगावच्या सज्जनांनी हाकाटी केली. ‘स्कारफेस’ तयार झाला तो नेमका या हाकाटीच्या ऐन भरात, १९३१ च्या शरदात. मग फर्माने सुटली. नावाला ‘राष्ट्राचा कलंक’ असे शेपूट जोडा. आरंभी एक निवेदन घाला, ज्यात प्रेक्षकालाच विचारलेले असेल की, सरकार तुमचे आहे, तुम्ही काय करणार आहात? वृत्तपत्राच्या मालकाचे प्रवचन घाला. आणि शेवट बदला : पोलिसांच्या गोळ्यांनी रस्त्यावर पडणारा गुंड पुरेसा शासित होत नाही, त्याला न्यायालयात उभे करा, न्यायाधीशाकडून कानउघाडणी करवा आणि फाशी द्या.

तो शेवटही चित्रित झाला. पण तोवर म्यूनी न्यूयॉर्कला नाटकात काम करावयास निघून गेला होता. त्यामुळे न्यायाधीश आरोपीला खडसावतो, पण आरोपीचे तोंड दिसत नाही. फाशीची सिद्धता होते, पण फासावर जातो तो कोणी बदली माणूस. आणि इतके सारे केल्यावर न्यूयॉर्कच्या सेन्सॉर मंडळाने या शुद्ध करून घेतलेल्या प्रतीलाही नकारच दिला! तेव्हा ह्यूज चिडला, आधीचा शेवट त्याने परत जोडला आणि जेथे सेन्सॉर मंडळ नव्हते अशा प्रांतांत चित्र लावले. १९३२ च्या मार्चअखेर न्यू ऑर्लिन्समध्ये ते प्रथम झळकले. प्रवचनाचा प्रसंग मात्र चिकटला तो चिकटलाच, आणि नव्वद वर्षांनी आमच्या मंडळाच्या पडद्यावर येऊन त्याने एक भक्तही मिळविला.

परंतु माझे भांडण ठिगळ विजोड आहे एवढ्यापुरते नाही. तसे असते तर मी हे सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपविले असते. माझे म्हणणे असे की, तो उपदेश खोटा आहे. आणि शासनाच्या सेवेत जन्म घालविलेल्या माणसांनी तरी तो खोटेपणा ओळखावयास हवा होता.

प्रवचनात सांगितले आहे काय? गुंडांना हद्दपार करा. ते या देशाचे नव्हेतच, निम्म्यांना तर नागरिकत्वही नाही. शिष्टमंडळातील एक इटालियन गृहस्थ लगेच मान डोलावून म्हणतात की, खरे आहे, ही माणसे आमच्या समाजाला काळिमा लावतात. बंदुकांविरुद्ध कायदा करा, लष्कराला पाचारण करा, असेही आहे. पण सारा जोर हद्दपारीवर. आता अल् कपोनचा जन्म कोठला? न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा, १८९९ सालचा. त्याला हद्दपार करून पाठविणार कोठे? ब्रुकलिनला? ओबॅनियनही अमेरिकेतच जन्मलेला. म्हणजे ज्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून हे औषध सांगितले, त्यांनाच ते लागू पडत नव्हते. पण ‘बाहेरचे आले आणि त्यांनी आमचे गाव नासविले’ या वाक्याला पुरावा लागत नाही. ते ऐकले की सभागृहात माना डोलतात. आमच्या सभागृहातही डोलल्या.

येथे मला आपल्याविषयीच दोन शब्द बोलले पाहिजेत. आपण या नियतकालिकाचे वाचक बहुधा सारेच बदलीच्या गावी संसार थाटलेले. घर भाड्याने मागताना, मुलाला शाळेत घालताना, ‘तुम्ही लोक’ हा शब्दप्रयोग आपण कधी ना कधी ऐकलेला आहे. चोरी झाली की सोसायटीतील पहिली नजर कोणत्या दाराकडे वळते हे परगावी राहिलेल्या माणसाला समजावून द्यावे लागत नाही. आणि दुसरी बाजूही झाकून ठेवू नये : मुंबईत १९६० नंतरच्या दशकांत ‘बाहेरचे’ हे विशेषण ज्या सढळपणे वापरले गेले त्यात मराठी आवाज सर्वांत मोठा होता. त्या इटालियन गृहस्थाच्या तोंडी घातलेले वाक्य आपण दोन्ही अंगांनी ओळखतो. कधी ते आपल्याकडून म्हणवून घेतले गेले, कधी आपण इतरांकडून म्हणवून घेतले. असे असता माझ्या स्नेह्यांना त्यात निव्वळ नागरिकशास्त्र दिसावे, याचे मला वाईट वाटते.

प्रवचनाचा खरा अपराध मात्र त्याने काय लपविले यात आहे. कपोनला निर्माण कोणी केले? जानेवारी १९२० पासून अमेरिकेत मद्यबंदी होती. ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली. मधल्या चौदा वर्षांत एका पेयाची मागणी कायम राहिली आणि ते पुरविण्याचा मक्ता कायद्यानेच गुंडांच्या हाती नेऊन दिला. टोनी कामोंते पिस्तुलाच्या धाकाने गुत्तेवाल्यांच्या गळ्यात बिअर मारतो ती सारी दृश्ये हॉक्सची आहेत. म्हणजे रोगाचे निदान चित्राने केले होते. उपदेशाने त्यावरून दृष्टी काढून ती वृत्तपत्रांच्या वाचकांकडे आणि बोटीतून उतरणाऱ्या परक्यांकडे वळविली. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीवर कोणाकोणाचे इमले उभे राहिले हे ज्यांनी पाहिले वा वडिलांकडून ऐकले त्यांना हे गणित नवे नाही. अधिकाऱ्यांची नीती आणि अधिकाऱ्यांची चूक यांत पडदा धरण्याचे काम उपदेश फार चांगले करतो.

आणि कपोनला पकडले कोणी? येथे मी हिशेब, लेखापरीक्षण आणि प्राप्तिकर या खात्यांतील वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. मशीनगनने नव्हे, लष्कराने नव्हे, हद्दपारीनेही नव्हे. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सलिव्हन नावाच्या एका चोरट्या दारूविक्याच्या खटल्यात निर्णय दिला की, बेकायदा उत्पन्नावरही प्राप्तिकराचे विवरण भरलेच पाहिजे. मग करखात्याचा फ्रँक विल्सन हा अधिकारी शिकागोत ठाण मांडून बसला. १९२६ च्या एका छाप्यात जुगाराच्या अड्ड्यावरून जप्त केलेल्या खतावण्या सरकारी कपाटात धूळ खात पडल्या होत्या. त्या त्याच्या हाती लागल्या. त्यांतील अक्षर कोणाचे याचा शोध सुरू झाला. बँकेच्या कागदांवरील अक्षराशी ते ताडून पाहता पाहता शमवे नावाचा हिशेबनीस हुडकून काढला, आणि त्याच्या साक्षीवर बराच भार ठेवून खटला उभा राहिला. १७ ऑक्टोबर १९३१ रोजी ज्यूरीने कपोनला दोषी ठरविले. आठवड्याने न्यायाधीश विल्करसन यांनी अकरा वर्षांची कैद आणि पन्नास हजार डॉलर दंड सुनावला.

तारखा जुळवून पाहा. कपोन अकरा वर्षांसाठी आत जावयास निघालेला होता, आणि नेमक्या त्याच महिन्यांत हॉलिवुडमध्ये खल चालला होता की, कायदा शेवटी जिंकतो हे प्रेक्षकांना कसे पटवावे! कायदा जिंकलाच होता. कपाटातली जुनी वही उघडून, अक्षर तपासून, बेरजा करून जिंकला होता. पण सेन्सॉरला वही नको होती, फास हवा होता. खतावणीतील नोंद न्यायाधीशाच्या वक्तव्याइतकी गर्जत नाही. आपण ज्या कामात आयुष्य घातले त्या कामाचा एवढा मोठा विजय ज्या उपदेशाने खिजगणतीतही घेतला नाही, त्याची आरती निवृत्त अधिकाऱ्याने ओवाळावी?

न्यायाने बोलायचे तर ही खतावणी हॉक्सच्याही चित्रात नाही. आणि माझ्या स्नेह्यांचे एक म्हणणे मी मान्य करतो : हे चित्र बंदुकीच्या प्रेमात आहे. टोनीच्या हाती प्रथमच मशीनगन येते तेव्हा त्याचा चेहरा खेळणे मिळालेल्या पोरासारखा उजळतो. पुढे गोळ्यांच्या तालावर दिनदर्शिकेची पाने भराभर उडतात, आणि पाहणाऱ्याच्याही अंगात तो ताल भिनतो. राफ्टचे नाणे उडविणे तर जगभरच्या खलनायकांनी उचलले. ही मोहिनी आहे, आणि ती निरुपद्रवी आहे अशी ग्वाही मी देणार नाही. पण मोहिनी उतरविण्याची सोय चित्राने स्वतःच केलेली आहे. टोनीचा एक ‘सेक्रेटरी’ आहे, अँजेलो. त्याला लिहिता येत नाही. दूरध्वनीवर निरोप घेता येत नाही, बोलणाऱ्याचे नाव कळत नाही. एकदा तर तो संतापून यंत्रावरच पिस्तूल रोखतो. प्रेक्षक हसतात. शेवटी पोटात गोळी बसलेली असताना तो दूरध्वनी उचलतो, प्रथमच नाव नीट ऐकून घेतो, साहेबाला सांगतो आणि मरतो. एवढे साम्राज्य उभारलेल्या माणसाच्या कचेरीत एकच कारकून, तोही निरक्षर, आणि आपले काम त्याला मरताना साधते. गुंडाच्या राज्यावरची याहून कडवट टीका मला ठाऊक नाही. ती ऐकू यावयाची तर आधी अँजेलोला हसावे लागते. आणि ठिगळवाल्यांचा विश्वास नाही तो नेमका प्रेक्षकाच्या हसण्यावर.

टोनीचा शेवटही पाहावा. बहीण डोळ्यांदेखत मेल्यावर तो पोलादी खिडक्यांच्या आड एकटा उरतो, धूर कोंडतो, आणि इतका वेळ जगाला दटावणारा हा पुरुष गयावया करतो. मग रस्त्यावर पडतो. वर सहलीच्या कंपनीची दिव्यांची जाहिरात लुकलुकत असते की, जग तुमचे आहे. न्यायाधीशाने याहून काय अधिक सांगितले असते?

ही कहाणी परदेशातील आणि जुनी म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये चित्रपट हा केवळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्य नाही, असे ठरविले होते. १९५२ मध्ये त्याने ते मत सोडून दिले. त्याच १९५२ मध्ये आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि इंग्रजांच्या १९१८ च्या कायद्यापासून चालत आलेली पूर्वपरीक्षणाची पद्धत नव्या राज्यात नांदू लागली. ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७० मध्ये न्यायालयाने ती पद्धत उचलून धरली. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले, पाटी बदलली. २०१२ पासून पडद्यावर कोणी विडी शिलगावली की खाली धोक्याची सूचना उमटते. ती आपल्या चित्रावर उमटू देण्यास वुडी ॲलन यांनी २०१३ मध्ये नकार दिला आणि ‘ब्लू जॅस्मिन’ आपल्या चित्रगृहांत लागलाच नाही. त्या सूचनेने किती विड्या विझल्या असतील त्या असोत. दृश्य मात्र प्रत्येक वेळी विझते.

१९८३ मध्ये ब्रायन डी पाल्मा याने ‘स्कारफेस’ नव्याने काढला, हॉक्स व हेक्ट यांच्या स्मृतीस अर्पण करून. या वेळी नायक क्यूबाहून आलेला निर्वासित, धंदा कोकेनचा. मायामीतील क्यूबन समाज खवळला, आणि चित्राच्या अखेरीस निवेदन जोडावे लागले की, ही मूठभर गुन्हेगारांची काल्पनिक कथा असून ती त्या समाजाचे प्रतिनिधित्व करीत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या ठिगळाने एका समाजाला आरोपी केले होते. नव्या ठिगळाला दुसऱ्याची क्षमा मागावी लागली. माझ्या स्नेह्यांनी ठरावात ‘स्पष्ट बोध’ असे शब्द घातले आहेत. यांपैकी कोणता बोध त्यांना स्पष्ट वाटतो, हे त्यांनी सभेत सांगावे.

ह्यूजने पुढे आपले चित्र कपाटात बंद करून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, ते पुन्हा रीतसर लोकांसमोर आले. फाशीचा शेवट ज्याला जिज्ञासा असेल त्याला आज वेगळा पाहता येतो. शाखेच्या चिटणिसांना मी पत्राने सुचविले आहे की, पुढच्या सभेपूर्वी दोन्ही शेवट लागोपाठ दाखवावेत, आणि मग ठराव मतास टाकावा. मी विरुद्ध मत देणार आहे. ते नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, अशीही विनंती केली आहे.